नागुबाईचा खुराक

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. टिळकवाडी.
पहाटे गारठा, दहानंतर ऊन. नळाला आज पाणी नाही; टाकीतलं पुरवून वापरलं. चष्म्याची मोडलेली दांडी खडेबाजारातून बसवून आणली. आशुतोषचा पुण्याहून फोन, सूनबाई, नात सगळे बरे. दुपारी भाकरी, रताळ्याचे काप. नागुबाई आली होती. तिनं आज दूध मागितलं. मोठा पेला भरून दिलं. उभ्यानंच प्यायली.

वहीत एवढंच आहे. दिवस कसा गेला ते वहीत लिहा, मनात काय आलं ते देवाला सांगा, अशी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण होती. त्यामुळे माझ्या डायऱ्यांत हवा असते, पाणी असतं, कोण आलं कोण गेलं ते असतं. पण त्या मंगळवारी लिहून झाल्यावरही मी पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. इतक्या वर्षांत नागुबाईनं माझ्या घरी दुधाचा थेंब घेतला नव्हता.

नागुबाई बेळगावजवळच्या कडोलीची. मी लग्न होऊन या घरात आले, त्यानंतर काही वर्षांनी ती कडोलीत नांदायला आली, आणि पहिला मुलगा पोटात असतानाच भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन टिळकवाडीत फिरायला लागली. कोबी, वाटाणा, मेथी, थंडीत रताळी. आमच्या व्हरांड्यात बुट्टी उतरवायची, पदरानं तोंड पुसायची आणि चहा घ्यायची. चहा बिनदुधाचा. मला आधी वाटलं, आवड असेल. पुढं ओळख वाढल्यावर तिनंच सांगितलं.

"घरातलं दूध तालमीचं, आक्का. एकदा जिभंला चव लागली मंजे हात तिकडं जातोय."

तिचा नवरा भरमू पैलवान होता. फार मोठ्या नावाचा नव्हे. आसपासच्या गावांच्या जत्रेत कुस्त्या मारायचा, नारळ आणि फेटा घेऊन घरी यायचा, बाकीचे दिवस शेतात राबायचा. पण पैलवान म्हटल्यावर त्याचा खुराक आला. घरात दोन म्हशी होत्या. नागुबाई रात्री बदाम भिजत घालायची, पहाटे उठून सोलायची, पाट्यावर खसखशीबरोबर गंधासारखे वाटायची आणि दुधात कालवून, वर तूप सोडून नवऱ्याच्या हातात तांब्या द्यायची. तो तालमीतून आला की अंडी, आठवड्याला मटण. ती स्वतः भाकरी आणि आमटी खायची. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. नंतर ओमकार झाला, तो तालमीत जायच्या वयाचा झाला आणि पाट्यावरचे बदाम दुप्पट झाले. मी एकदा विचारलं, तू कधी पितेस की नाही गं? हसून म्हणाली, पाटा धुतलेलं पाणी मी पितो की, त्यात बदाम असतोयच. त्यांच्याकडच्या बायका पितो, जातो असंच बोलतात.

भरमू साठी गाठायच्या आत छातीत कळ येऊन गेला. ओमकारनं तालीम सोडली आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला. म्हशी विकल्या. तालमीला द्यायचं दूधच घरात उरलं नाही, तरी नागुबाईचा चहा काळा तो काळाच राहिला. सवय म्हणजे काय असते ते मी तिच्याकडे बघून शिकले. आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, वकील होते, आणि तिची शेताच्या बांधाची एक भानगड त्यांनी मिटवून दिली होती. तेव्हापासून ती मला गिऱ्हाईक समजत नव्हती. हे गेले तेव्हा कडोलीहून चालत आली होती; त्या दिवशी बस बंद होती.

ओमकारचं दुखणं गेल्या गणपतीत कळलं. डोकं दुखतं म्हणून तो वर्षभर गोळ्या खात होता आणि भट्टीच्या धगीला दोष देत होता. आरतीला उभा असताना त्याला दम लागला, तोंड सुजलेलं होतं, दवाखान्यात नेलं तर रक्तदाब कुठल्या कुठं. दोन्ही किडन्या त्या दाबानं आकसून गेल्या होत्या. वय अजून चाळिशीच्या आत. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात त्याला मशीनला लावतात, रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालतात. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर बरं. परक्या, मेलेल्या माणसाची मिळायची तर तिथं मोठी रांग आहे. नाव घालून ठेवलं. घरातल्या कुणाची घ्यायची तर बायको माधवी पुढं आली, पण तिचा रक्तगट जुळेना. मुलगी सौम्या अजून शाळेत. राहिली आई. आईचा जुळला.

ओमकार तयार नव्हता. आईच्या वयाकडं बघ, म्हणायचा. ती त्याला म्हणाली, वय काय पुसतोस, रगत जुळलंय न्हवं? त्यानं किती दिवस नाही म्हटलं आणि तिनं किती दिवस धोसरा लावला ते मला माहीत नाही. शेवटी तो हो म्हणाला. तिच्या तपासण्या मार्चमध्ये ठरल्या.

त्या मंगळवारी ती व्हरांड्यात बसलीच नाही. बुट्टी उतरवली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"आक्का, दूध हाय काय घरात?"

मी म्हटलं, आज दुधाचा चहा हवा का?

"च्याला न्हवं. प्यायला."

दूध पिऊन झाल्यावर पेला तिनं स्वतःच नळाखाली धरला, नळ कोरडा बघून बादलीतल्या पाण्यानं विसळला आणि मग सांगितलं. भावकू वस्ताद म्हणून भरमूच्या तालमीतला जुना माणूस आहे, आता डोळ्यांनी दिसत नाही, दिवसभर तालमीच्या उंबऱ्यावर बसून असतो. त्यानं तिला बोलावून सांगितलं होतं की कुस्ती ठरली की पैलवानाला महिनाभर खुराक देतात, रिकाम्या अंगानं कुस्तीच्या हौद्यात उतरवत नाहीत. तुझी किडनी तर परक्या अंगात जाऊन लढणार, तिला काय भाकरी-आमटीवर पाठवतीस? दूध दोन वेळा, बदाम, अंडी, मटणाचं अळणी सूप, पाय मिळाले तर पायाचं. सगळा खुराक त्यानं ठरवून दिला होता.

"मग घरी का पीत नाहीस?" मी विचारलं.

तिनं पेला पालथा घातला. मग म्हणाली, "पोराम्होरं कसं पिऊ, आक्का? त्येला दूध बंद. पाणी सुदिक मापून."

अंडी ती शेजारणीकडं खायची, अळणी वस्तादाच्या सुनेकडं, आणि दूध माझ्याकडं. सगळा खुराक असा दुसऱ्यांच्या घरी, चोरून. मी गवळ्याला रोज अर्धा लिटर जास्त घालायला सांगितलं. बदाम मी भिजवायला लागले. ती म्हणाली मिक्सरचे नकोत, तर आमचा माळ्यावरचा पाटा तिनंच खाली काढला आणि भाजी विकून परत जाताना त्यावर बदाम वाटून प्यायची. प्यायला कधी बसली नाही. मी खुर्ची पुढं करायची, ती उभीच. एकदा म्हणाली, बसून प्यालं तर मजा केल्यागत वाटतंय.

महिन्याभरात तिच्या गालावर तकतकी आली. ओमकारनं ती ओळखली. तालमीत वाढलेला मुलगा तो. मशीनवर पडल्या पडल्या आईला म्हणाला, "आये, आखाड्यात उतरतीस का काय? कुस्तीला जोड कोन बघितलास?" नागुबाईनं मला हे सांगताना तोंडाला पदर लावला होता. बऱ्याच महिन्यांनी पोरानं थट्टा केली म्हणून.

तपासणीला मी बरोबर गेले. तुमचं विंग्रजी ऱ्हाऊ द्या संगट, ती म्हणाली होती. तिथल्या डॉक्टरीण शाल्मली चांगलं मराठी बोलणाऱ्या निघाल्या, त्यामुळे माझ्या इंग्रजीचा उपयोग झाला नाही. मी पर्स धरून बसले. डॉक्टर वयानं माझ्या नातीएवढ्या असतील. रक्त घेतलं, लघवी घेतली. दुसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा रिपोर्ट त्यांच्यापुढं होता आणि त्यांचा चेहरा काही बोलत नव्हता. गुडघ्यासाठी, कमरेसाठी दुकानातल्या गोळ्या घेता का, त्यांनी विचारलं. नाही. साखर? नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आजी, आदल्या दिवशी काय जेवलात?

नागुबाईनं सगळं अभिमानानं सांगितलं. रात्री मटण, सकाळी येण्याआधी पायाचं सूप वाटी वाटीनं. बदाम, अंडी, दूध महिनाभर. कुणी बनवलं, कुणी सांगितलं, तेही. डॉक्टर ऐकत राहिल्या आणि मग चष्मा काढून हसल्या. रक्तात आम्ही जो कचरा मोजतो, त्या म्हणाल्या, तो शिजलेल्या मटणातूनही येतो, म्हणून आकडा जास्त आला.

"तुम्ही पैलवानाचं जेवलात, आजी, आणि रिपोर्ट बकऱ्याचा आला."

मटण बंद, साधं जेवण, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं. परतताना रिक्षात नागुबाई स्वतःशीच हसत होती. बकऱ्याचा, बकऱ्याचा, म्हणत होती. भीतीनं तिचे हात गार पडले होते ते मला तेव्हा कळलं, कारण हसता हसता तिनं माझा हात धरला.

दुसरा रिपोर्ट चांगला आला. अगदी तरण्या बाईसारखा, नोंदवहीवाली नर्स म्हणाली. शाल्मली डॉक्टर म्हणाल्या, छान, पण हे एवढ्यावर ठरत नाही, अजून एक स्कॅन करायचा आहे. ते "पण" मी ऐकलं. नागुबाईनं ऐकलं नाही, आणि मीही तिला ऐकवलं नाही; आनंदात असलेल्या माणसाला थांबवायचं बळ मला नव्हतं. तिनं कडोलीत तालमीच्या मारुतीला नारळ फोडला. भावकू वस्तादानं मिशीला पीळ दिला म्हणे, मटण चुकलं असंल, दूध लागलं की न्हाई? माझ्याकडं ती हंगामाची शेवटची रताळी घेऊन आली. घेण्या-देण्याचं बोलू दिलं नाही.

या सगळ्यात ओमकारनं आशा धरली. इतके दिवस तो आईच्या समाधानासाठी हो म्हणत होता. आता तो माधवीला म्हणाला, दसऱ्यानंतर कामावर जाईन. फाउंड्रीतल्या साहेबांना फोन करून हलकं काम असेल का विचारलं. सौम्याला म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात भरपूर उसाचा रस पिऊ, दोन-दोन ग्लास. हे नागुबाईनं मला सांगितलं तेव्हा तिचा पेला अर्धा भरलेला होता. तिनं तो तसाच धरून ठेवला. म्हणाली, आक्का, माझा ल्योक उसाच्या रसाचं बोलाय लागलाय.

स्कॅन एप्रिलमध्ये झाला. शिरेत एक औषध टोचतात आणि यंत्राखाली निजवून ठेवतात, दोन्ही किडन्या ते औषध किती वेगानं गाळतात हे यंत्र बघतं. त्याच्या निकालाला मी आणि नागुबाई दोघीच गेलो. माधवी वरच्या मजल्यावर ओमकारजवळ होती. त्याचा मशीनचा दिवस होता.

डॉक्टर शाल्मलींनी या वेळी खुर्ची टेबलाच्या अलीकडं, आमच्याजवळ ओढून घेतली. मला तेव्हाच समजलं.

त्या सावकाश बोलल्या. आजींना काही रोग नाही, असं आधी म्हणाल्या. किडनीत लाखो बारीक चाळण्या असतात. चाळिशी उलटली की दरवर्षी त्यातल्या थोड्या बंद पडत जातात, कुणाच्या हळू, कुणाच्या भराभर. दुखत नाही, कळत नाही, उरलेल्या चाळण्या गेलेल्यांचं काम उचलतात. सत्तरीच्या आसपास कितीतरी जणांची ताकद निम्म्यावर येते आणि दोन्ही मिळून त्यांचं सुखानं चालतं. काही आया या वयातही द्यायला योग्य निघतात, म्हणून तर तपासलं. आजींच्या चाळण्या निम्म्यावर आल्या आहेत.

"आमच्या घरागत," नागुबाई म्हणाली. "मानसं कमी झाली तरी काम तेवडंच."

"तसंच, आजी."

मग मी विचारलं, रक्ताचा रिपोर्ट तर चांगला होता? डॉक्टर म्हणाल्या, तोच तर फसवतो. तो कचरा माणसाच्या स्नायूंतून निघतो. आजी हाडकुळ्या, अंगावर मांस थोडं, म्हणून कचराच कमी. चाळणी निम्मी असली तरी रक्त स्वच्छ दिसतं. म्हाताऱ्या, बारीक बायकांचं रक्त बघून आम्ही कधीच ठरवत नाही.

नागुबाई हे सगळं मान हलवत ऐकत होती. तिला वाटत होतं, अजून बोलणी चालली आहेत. भाजीच्या भावासारखी.

"रोग न्हाय म्हनता न्हवं? मग घ्या की."

डॉक्टर म्हणाल्या, एक काढली तर तुमच्याकडं पावच राहील.

"ऱ्हाऊ दे. मला किती जगायचं हाय? मी अंगठा देतो. मेलो तर मेलो, तुमच्यावर काय न्हाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण तिचं लक्षही नव्हतं. ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती.

"आजी, तुमचा जीव गेला तरी त्याचं भागणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यालाही पावच मिळेल. आधीच थकलेली, त्यात ऑपरेशन, त्यात जन्मभराची कडक औषधं. थोड्या दिवसांत ती किडनी बंद पडेल. मग तो परत याच मशीनवर येईल, आणि त्याच्या शेजारच्या मशीनवर तुम्ही."

जीव देण्याची तिची तयारी होती, ती घरूनच करून आली होती. जीव देऊनही पुरणार नाही, असं काही असू शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मी इंग्रजीत काही विचारून बघेन अशा आशेनं. मी विचारलंही. उत्तर तेच आलं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या बाकी गोष्टी मी लक्षात ठेवल्या, कारण ती ठेवणार नव्हती. पाणी पीत जा, दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका, वर्षातून एकदा तपासून घ्या, बाकी आजींना घाबरायचं कारण नाही. गेल्या दिवाळीत माझ्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता, त्यातही किडनीपुढं निम्म्याच्या आसपासचा आकडा होता आणि वयोमानाप्रमाणे असा शेरा होता. मी तो फाइलला लावून विसरले होते. मला त्या आकड्यानं काहीच केलं नव्हतं. माझ्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं.

वर जायला लिफ्ट होती, तरी ती जिन्यानं निघाली. मधल्या कठड्यावर टेकून उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण ती लुगड्याचा काष्टा नीट करत होती, केस बसवत होती. पोरापुढं जायचं होतं.

ओमकार मशीनला लागलेला होता, एक हात सरळ, नळ्यांतून त्याचं रक्त फिरत होतं. माधवी उशाशी उभी. आईचं तोंड बघून त्याला कळलंच असणार, पण तो तिनं बोलायची वाट बघत राहिला.

"न्हाई जमत म्हनत्यात," ती म्हणाली. "जुनी झालीया."

माधवीनं पलंगाची दांडी धरली. ओमकारनं छताच्या पंख्याकडं बघितलं. मग हसला, खरोखर हसला, आणि आईला हलकं वाटावं म्हणून, मला त्याबद्दल शंका नाही, म्हणाला:

"आप्पांनी आणि मी मिळून सगळा खुराक खाल्लाव, आये. तुला काय ठेवलंच न्हाई आमी."

थट्टाच होती ती. माधवीही ओल्या डोळ्यांनी हसली. नागुबाई हसली नाही. तिनं मुलाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि तिथंच पायाशी बसली, मशीनचा वेळ संपेपर्यंत.

बसस्टॉपवर तिला सोडायला मी उभी होते. ऊन तापलेलं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं बाटली हातात घेतली, पण प्यायली नाही.

"तवाच खाल्लं असतं तर," ती म्हणाली. "तरनी हुतो तवा. दूध घरात हुतं, आक्का. दोन म्हशी हुत्या. कोन नको म्हनत न्हवतं. भरमू म्हनायचा, तूबी घे गं घोटभर. मीच न्हाई घेतलं. त्येच आता पोराच्या कामाला आलं असतं."

मी तिला सांगितलं की तसं नसतं. डॉक्टरांना मी निघताना हेच विचारून घेतलं होतं, कारण ओमकारचं बोलणं तिला कुठं लागलं ते मी बघितलं होतं. दूध पिणाऱ्यांच्याही चाळण्या झिजतात, पैलवानांच्याही. वय कुणाला सोडत नाही, त्यात तुझी चूक काही नाही. मी दोनदा सांगितलं, तिच्या भाषेत, सोपं करून. तिनं ऐकून घेतलं.

"चांगली पोरगी हाय डाक्टरीन," म्हणाली. "पर तिला काय ठावं, मी काय खाल्लं न काय न्हाई."

बस आली. ती चढली. खिडकीतून बाटली परत दिली, भरलेली.

त्यानंतर बरेच दिवस ती आली नाही. माधवीला फोन केला की ती सासूबद्दल सांगायची, आत्या शेतात जातात, जेवतात, बोलत नाहीत. ओमकारनं आईला जवळ बसवून सांगितलं म्हणे की रांगेत नाव आहे, लागेल कधीतरी नंबर, तू घोर करू नको. फाउंड्रीच्या साहेबांना त्यानं परत फोन केला नाही. तिकडं भावकू वस्तादाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की खुराक उशिरा सुरू केला. माझ्या मनात आलं, निदान त्या म्हाताऱ्यानं तरी हे बोलायला नको होतं. पण ज्याला जे माहीत तेच तो बोलणार.

मे महिन्याच्या सुरुवातीला सकाळी फाटक वाजलं. नागुबाई. बुट्टीत कोथिंबीर, शेवग्याच्या शेंगा, थोड्या हिरव्या मिरच्या. गालावरची तकतकी ओसरली होती, पहिल्यासारखी दिसत होती, त्याहून जरा लहान. ती व्हरांड्यात नेहमीच्या जागी बसली. मी रोजच्यासारखे आदल्या रात्री बदाम भिजवले होते. ती येत नव्हती तरी भिजवत होते आणि सकाळी मीच कसेबसे खात होते. दूध तापवून, पेला भरून तिच्यापुढं आणला. मला वाटलं, निदान आता स्वतःसाठी पिईल. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, आजींना दूध घ्यायला हरकत नाही.

तिनं पेल्याकडं बघितलं. हातही पुढं केला नाही.

"आता कुनासाटी, आक्का?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी गं. तुला स्वतःला काही नको का?

त्यावर ती ओशाळल्यासारखी हसली, जसं मी काही भलतंच बोलले. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, च्या ठेवा. काळा.

मी चहा ठेवला. ती घोट घोट प्यायली, कप विसळून पालथा घातला, शेंगांची जुडी माझ्यासाठी काढून ठेवली. जाताना पाट्याकडं तिचं लक्ष गेलं. तो अजून व्हरांड्याच्या कोपऱ्यातच होता, तिनं खाली काढून ठेवला होता तिथंच. एकटीला उचलवणार नाही तुमाला, म्हणाली, आणि बुट्टी खाली ठेवून परत आली. दोघींनी मिळून तो आतल्या खोलीत नेला. माळ्यावर चढवायचं बळ दोघींतही नव्हतं. पलंगाखाली सरकवला.

संध्याकाळी वही काढली. दिवसभर उकाडा, वारा नाही. दुपारी शेवग्याची आमटी. नागुबाई येऊन गेली. दूध गवळ्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी आणायला सांगितलं.